डावीकडची जागा

अल रासच्या मागच्या गल्लीतलं टायपिंग सेंटर,
टोकन नंबर एकोणसाठ.
मी लायसन्सचे कागद पुढे सरकवले.
वर आमचं लेटरहेड, तासगावच्या प्रेसमध्ये छापलेलं:
नेमगोंडा मगदूम आणि पुतणे,
बेदाण्याचे व्यापारी.
खाली इंग्रजीत, अँड नेफ्यूज.

इद्रीस सुदानी. चष्मा कपाळावर, बोटं की-बोर्डवर.
म्हणाला, नेफ्यू म्हणजे कुणाचा?
भावाचा मुलगा की बहिणीचा?
अरबीत असं मोघम चालत नाही, मॅडम.

मराठीतही चालत नाही, मी म्हटलं.

मामाला मूल नव्हतं. भावाची तीन पोरं त्यानं
खांद्यावर आणि वखारीत वाढवली.
एक कोल्ड स्टोरेज बघतो.
दुसरा न वाचता सह्या करतो, अक्षर मात्र देखणं.
तिसरा माझ्याआधी आला होता इथे.
जून काढला, जुलै काढला, ऑगस्टात म्हणाला,
इथं माणसाचाच बेदाणा होतो,
आणि परतीचं तिकीट काढलं.
मग मामाला आठवलं,
बहिणीच्या पोरीला हिशेब येतो.

पहिला कंटेनर न्हावा शेव्याहून आला तेव्हा
जेबेल अलीच्या फाटकापाशी
आत चार अंश तापमान असल्याचा कागद हातात धरून
मी घामानं निथळत उभी.
समोरच्या गाळ्यातल्या आगा बहमननं
आमचा हिरवा, लांब दाणा तळहातावर घेतला,
दातानं अर्धा केला, देठ शोधला.
सापडला.
आमच्या इराणात, म्हणाला, देठ बायका काढतात.
आमच्यातही, म्हटलं,
आणि त्या रात्री सत्तर खोकी उघडून
दोन नेपाळी पोरांबरोबर जमिनीवर बसले
पहाटेच्या अजानपर्यंत निवडत.
त्यानं भाव दिला नाही. चहा पाठवला.
भाव दिला तिसऱ्या कंटेनरला.

हे सगळं इद्रीसला कशाला सांगायचं.
हेही नाही, की आईनं तहसील कचेरीत
हक्कसोडपत्रावर सही केली होती,
अंगठा नव्हे, सही, सातवी पास होती ती.
बदल्यात एक इरकल, आणि कचेरीसमोरच्या हॉटेलात भजी.
भजी गरम होती, असं ती अजून सांगते.

भावाचे, मी म्हटलं. लिहा.
त्यानं लिहिलं. मग सहज विचारलं, आणि तुम्ही?
बहिणीची.

तो हसला. पावतीच्या कोपऱ्यात पेननं काढून दाखवलं:
हा अख. भाऊ.
त्यालाच पुढे हे एक अक्षर जोडलं की उख्त.
बास, एवढाच फरक.

मी अक्षर बघत राहिले. उथळ होडी
आणि होडीवर दोन ठिपके,
खाडीतल्या लाकडी गलबतात
सगळा माल उतरवल्यावर
दोन दाणे राहून जावेत तसे.

पाटीवाला पेशावरचा, शिडीवरून ओरडला,
मधोमध लावू ना?
नको. उजवीकडून सुरू कर,
डावीकडे वीतभर सोड.
का, ते त्यानं विचारलं नाही. वीत मात्र
त्याची मोठी होती, माझी लहान,
त्यावर थोडी हुज्जत झाली.

रात्री साडेआठला, तिकडचे दहा,
मामाचा व्हिडिओ कॉल.
मामा खुर्चीत, मागे पुतणे ओळीनं,
लग्नाच्या फोटोला थांबल्यासारखे.
मी फोन पाटीकडे वळवला.
दिव्यात अक्षरं उजळली, मला न वाचता येणारी,
आमच्या घराची.

एका अंगाला का सरकलीय गं?
इथली पद्धत आहे, मामा.
बरं, म्हणाला. बराच वेळ बघत राहिला
त्या मोकळ्या जागेकडे, की नेटवर्क अडकलं होतं,
कळलं नाही.
मग म्हणाला, चार नंबरचा माल काय भावानं गेला?

मी भाव सांगितला.
पलीकडे कुणीतरी घाईघाईनं पेन शोधत होतं.